पुनर्परीक्षा आणि पुनर्तयारी : अमेरिकेतील औषधनिर्माता परवाना परीक्षेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

औषधनिर्माणशास्त्राची पदवी मिळविणे आणि औषधनिर्माता म्हणून व्यवसाय करण्याचा परवाना मिळविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेत या दोहोंच्या मध्ये ‘नेप्लेक्स’ ही परीक्षा उभी असते. या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या उमेदवाराने पुन्हा परीक्षेस बसताना कोणती तयारी करावी, पूर्वीच्याच अभ्यासाची पुनरावृत्ती का अपुरी ठरते आणि अध्ययनाच्या मानसशास्त्राने या बाबतीत काय सांगितले आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. महाराष्ट्रातून अमेरिकेत जाणाऱ्या पदवीधरांच्या विशेष अडचणी आणि महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका यांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : परवाना परीक्षा, पुनर्परीक्षा, अपयशाचे निदान, स्मरणसराव, औषधगणन

१. प्रस्तावना

आपल्या शिक्षणव्यवस्थेत परीक्षेतील यशाविषयी विपुल लेखन झाले आहे. अपयशानंतर काय करावे याविषयी मात्र ‘खचून जाऊ नये, पुन्हा जोमाने अभ्यासाला लागावे’ यापलीकडे फारसे काही सांगितले जात नाही. हा उपदेश चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे. जोमाने अभ्यासाला लागायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. पहिल्या वेळी जे केले तेच अधिक जोमाने करायचे, की निराळे काही करायचे?

हा प्रश्न परवाना परीक्षांच्या बाबतीत विशेष तीव्र होतो. विद्यापीठीय परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी विद्यार्थीच राहतो. परवाना परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला उमेदवार मात्र पदवीधर असूनही व्यवसाय करू शकत नाही. पुष्कळदा नोकरीचा प्रस्ताव परवान्याच्या अटीवर दिलेला असतो, शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात आणि प्रयत्नांची संख्याही मर्यादित असते. म्हणून या परीक्षेच्या पुनर्तयारीचा विचार शास्त्रशुद्ध रीतीने होणे आवश्यक आहे.

२. परीक्षेचे स्वरूप

अमेरिकेत औषधनिर्मात्यास परवाना देण्याचा अधिकार प्रत्येक राज्याच्या औषधनिर्माण मंडळास आहे. या मंडळांची संघटना १९०४ मध्ये स्थापन झाली. ‘नॅशनल असोसिएशन ऑफ बोर्ड्स ऑफ फार्मसी’ हे तिचे नाव असून नेप्लेक्स ही परीक्षा तीच संस्था घेते. याशिवाय बहुतेक राज्यांत औषधविषयक कायद्याची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. प्रस्तुत लेखाचा विषय नेप्लेक्सपुरता मर्यादित आहे.

या परीक्षेचे स्वरूप वेळोवेळी बदलत आले आहे. १९९७ पासून ती संगणकावर घेतली जाऊ लागली. त्या काळी उमेदवाराच्या उत्तरानुसार पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी बदलत असे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ही अनुकूलनपद्धती सोडून देण्यात आली आणि परीक्षेचा कालावधी सहा तासांचा झाला. सध्या परीक्षेत २२५ प्रश्न असतात. त्यांपैकी २०० प्रश्नांचेच गुण धरले जातात, तर उरलेले २५ प्रश्न भावी परीक्षांसाठी पडताळून पाहिले जात असतात. कोणते प्रश्न कोणत्या प्रकारचे हे उमेदवारास कळत नाही. सहा तासांत २२५ प्रश्न याचा अर्थ एका प्रश्नास सरासरी ९६ सेकंद मिळतात. एकदा पुढे गेल्यावर मागील प्रश्नाकडे परत येता येत नाही, ही बाब आपल्याकडील लेखी परीक्षांची सवय असलेल्या उमेदवाराने विशेष लक्षात घ्यावी.

मे २०२५ पासून परीक्षेचा नवा आशय-आराखडा लागू झाला. त्यानुसार व्यवसायाचे पायाभूत ज्ञान २५ टक्के, औषधवापराची प्रक्रिया २५ टक्के, रुग्णाची तपासणी व उपचारनियोजन ४० टक्के, व्यावसायिक आचरण ५ टक्के आणि व्यवस्थापन व नेतृत्व ५ टक्के अशी विभागणी आहे. पूर्वीच्या आराखड्यात औषधगणन हे सुमारे १४ टक्क्यांचे स्वतंत्र क्षेत्र होते. आता ते स्वतंत्र क्षेत्र राहिलेले नाही. गणन वगळले गेले असा याचा अर्थ नव्हे. ते अन्य क्षेत्रांत सामावले गेले आहे. ज्याने पहिला प्रयत्न जुन्या आराखड्यानुसार केला त्याने जुन्या पुस्तकांवर विसंबून राहू नये, हे येथे ओघानेच येते.

३. अनुत्तीर्णतेनंतरचे नियम

पूर्वी या परीक्षेचा निकाल ० ते १५० या श्रेणीतील परिवर्तित गुणांत दिला जात असे व ७५ हा उत्तीर्णतेचा गुण होता. या ७५ चा अर्थ शेकडा ७५ उत्तरे बरोबर असा नव्हता, तरी तसा गैरसमज सर्वत्र होता. २०२१ पासून केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढेच कळविले जाते. अनुत्तीर्ण उमेदवारास मात्र प्रत्येक आशयक्षेत्रात त्याची कामगिरी तुलनेने कशी होती, हे दर्शविणारा अहवाल मिळतो.

पुन्हा परीक्षेस बसण्यासाठी किमान ४५ दिवस थांबावे लागते, राज्य मंडळाकडून पुन्हा पात्रता मिळवावी लागते आणि शुल्कही पुन्हा भरावे लागते. बारा महिन्यांच्या कालावधीत तीनच प्रयत्न करता येतात आणि एकूण प्रयत्नांची सर्वसाधारण मर्यादा पाच आहे. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत.

या नियमांचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादा उमेदवार १० जून रोजी अनुत्तीर्ण झाला आणि ४५ दिवस संपताच, २५ जुलै रोजी, पुन्हा बसला. पुन्हा अपयश आल्यावर तो ८ सप्टेंबर रोजी तिसऱ्यांदा बसला. अवघ्या तीन महिन्यांत त्याचे वर्षातील तिन्ही प्रयत्न संपले. आता त्याला पुढील जूनपर्यंत, म्हणजे नऊ महिने, सक्तीने थांबावे लागेल आणि त्यानंतर त्याच्या हाती केवळ दोन प्रयत्न उरतील. ४५ दिवस ही किमान प्रतीक्षा आहे, शिफारस केलेला अभ्यासकाळ नव्हे. हा फरक न कळल्यामुळे घाईने केलेला दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा अधिक महाग पडतो.

प्रथम प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण २०१५ पर्यंत ९० टक्क्यांहून अधिक असे. २०२२ व २०२३ मध्ये ते ८० टक्क्यांच्या आसपास आले. पुनर्परीक्षार्थींमध्ये हे प्रमाण त्याहून बरेच कमी असते. अपयश हा आता अपवाद राहिलेला नाही. तसेच केवळ पुन्हा बसल्याने यश मिळते असेही नाही.

४. अपयशाचे निदान

मनुष्य आपल्या अपयशाची कारणे कशी शोधतो याचा अभ्यास बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाने केला. त्याच्या मांडणीनुसार कारणांचा विचार तीन अंगांनी होतो. कारण आपल्यात आहे की बाहेर, ते स्थिर आहे की बदलणारे आणि ते आपल्या नियंत्रणात आहे की नाही. ‘माझी बुद्धीच कमी’ हे कारण आंतरिक, स्थिर आणि अनियंत्रित आहे. असे कारण मानणारा उमेदवार प्रयत्न सोडतो. ‘नशीब नव्हते’ हे कारण बाह्य व अनियंत्रित आहे. असे मानणारा उमेदवार प्रयत्न सोडत नाही, पण बदलतही नाही. ‘माझी अभ्यासाची पद्धत सदोष होती’ हे कारण आंतरिक असले तरी बदलता येणारे आणि नियंत्रणातील आहे. पुनर्तयारीचा आरंभ येथून व्हावयास हवा.

तथापि ‘पद्धत सदोष होती’ एवढे म्हणून भागत नाही. दोष कोणता हे शोधावे लागते. त्यासाठी क्षेत्रनिहाय अहवाल हे पहिले साधन होय. परंतु ‘उपचारनियोजनात कमी पडलो’ एवढेच तो सांगतो, का कमी पडलो हे सांगत नाही. त्यासाठी उमेदवाराने सराव प्रश्न सोडवून आपल्या प्रत्येक चुकीची नोंद ठेवावी व तिचे वर्गीकरण करावे. स्थूलमानाने चुका चार प्रकारच्या असतात.

(अ) ज्ञानाचा अभाव : विषय कधी शिकलाच गेला नव्हता.
(आ) स्मरणाचा अभाव : शिकला होता, पण ऐन वेळी आठवला नाही.
(इ) उपयोजनाचा अभाव : माहिती आठवली, पण समोरच्या रुग्णास ती लागू करता आली नाही.
(ई) वाचनातील वा गणितातील चूक : प्रश्नातील एकक, वय अथवा ‘याशिवाय’ हा शब्द नजरेतून सुटला.

या चारींचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिलीवर वाचन हा उपाय आहे, दुसरीवर स्मरणसराव, तिसरीवर रुग्ण-उदाहरणे आणि चौथीवर वेळ लावून केलेला सराव. सर्व चुकांवर ‘पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचणे’ हा एकच उपाय करणे म्हणजे सर्व रोगांवर एकच औषध देण्यासारखे आहे. औषधनिर्मात्याने तरी ते करू नये.

५. पुनर्वाचनाची मर्यादा

अनुत्तीर्ण उमेदवार बहुधा तेच पुस्तक पुन्हा वाचावयास घेतो. दुसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटतो आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान असा भ्रम होतो. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा दोनदा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनर्वाचन करणाऱ्यांना ८१ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के आशय सांगता आला. एका आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. पुनर्वाचन करणाऱ्यांस ४२ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांस ५६ टक्के आशय आठवला.

यातील पाच मिनिटांनंतरचा निष्कर्ष विशेष विचारणीय आहे. पुनर्वाचनाचा लाभ तत्काळ जाणवतो, म्हणूनच विद्यार्थी त्यावर विश्वास ठेवतो. स्मरणसराव मात्र करताना कष्टाचा आणि निराशाजनक वाटतो. जॉन डनलॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात स्वचाचणी आणि कालांतराने विभागून केलेला अभ्यास या दोनच पद्धतींना त्यांनी उच्च उपयुक्ततेचा दर्जा दिला. पुनर्वाचन व मजकूर अधोरेखित करणे या आपल्याकडे सर्वाधिक रूढ पद्धती अल्प उपयुक्ततेच्या ठरल्या.

पुनर्परीक्षार्थीने यावरून घ्यावयाचा बोध असा की, उच्च रक्तदाब हे प्रकरण पाचव्यांदा वाचण्याऐवजी कोऱ्या कागदावर औषधांचे वर्ग, प्रत्येकाचे दुष्परिणाम, निषिद्ध अवस्था आणि तपासावयाच्या चाचण्या आठवून लिहाव्यात व नंतरच पुस्तक उघडावे. जे आठवले नाही त्याचीच उजळणी दोन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी करावी.

६. औषधगणनाचे महत्त्व

गणनाचे प्रश्न सोपे वाटतात, कारण त्यांत शालेय गणिताहून अधिक काही नसते. परंतु येथील चूक प्रत्यक्ष व्यवसायात रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्यासाठी कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांचे १९७६ चे सूत्र प्रसिद्ध आहे. १४० मधून वय वजा करून येणाऱ्या संख्येस किलोग्रॅममधील वजनाने गुणावे आणि त्यास ७२ गुणिले रक्तातील क्रिएटिनिन याने भागावे. रुग्ण स्त्री असल्यास उत्तरास ०.८५ ने गुणावे.

समजा, ७२ वर्षे वयाची, ५४ किलो वजनाची स्त्री पायाच्या खोल शिरेतील रक्तगुठळीसाठी उपचार घेत आहे आणि तिचे क्रिएटिनिन दर डेसिलिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. ६८ गुणिले ५४ म्हणजे ३६७२. त्यास १०८ ने भागता ३४ येतात. यास ०.८५ ने गुणल्यावर मिनिटास २८.९ मिलिलिटर हे खरे उत्तर मिळते. एनोक्सापॅरिन या औषधाची नेहमीची उपचारमात्रा किलोस १ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी अशी असते. मात्र कार्यक्षमता ३० च्या खाली असल्यास तीच मात्रा दिवसातून एकदाच द्यावी लागते. म्हणजे ०.८५ हा गुणक विसरणारा उमेदवार या रुग्णेस दिवसाला ५४ ऐवजी १०८ मिलिग्रॅम औषध देईल. रक्त पातळ करणाऱ्या औषधाची दुप्पट मात्रा म्हणजे रक्तस्रावाचा धोका होय. परीक्षेत ही एका प्रश्नाची चूक आहे. रुग्णालयात तसे नाही.

गणनाचा सराव कसा करावा, याचेही उत्तर संशोधनाने दिले आहे. डग रोहरर व केली टेलर यांनी २००७ मध्ये भूमितीतील घनफळाच्या उदाहरणांवर प्रयोग केला. एका गटाने एका प्रकारची सर्व उदाहरणे संपवून मग दुसरा प्रकार घेतला, तर दुसऱ्या गटाने सर्व प्रकार मिसळून सोडविले. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के, तर दुसऱ्याची ६० टक्के उत्तरे बरोबर आली. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिल्या गटास २० टक्के आणि मिश्र सराव करणाऱ्यांस ६३ टक्के यश मिळाले. परीक्षेत ‘हे उदाहरण अमुक सूत्राचे आहे’ असा मथळा दिलेला नसतो. सूत्र निवडणे हीच परीक्षा असते. म्हणून शिरेतून द्यावयाच्या द्रावाचा वेग, द्रावणांची तीव्रता, मिलिइक्विव्हॅलंट, पोषणद्रावणातील उष्मांक आणि मूत्रपिंडाची कार्यक्षमता ही उदाहरणे दररोज मिसळूनच सोडवावीत.

७. भारतीय पदवीधरांच्या विशेष अडचणी

१ जानेवारी २००३ पासून पदवी घेणाऱ्या परदेशी पदवीधरांसाठी अमेरिकेने किमान पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अट घातली. आपली बी. फार्म. चार वर्षांची असल्याने त्यानंतरच्या बी. फार्म. पदवीधरांचा तो मार्ग बंद झाला. २००८ मध्ये भारतात सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्या पदवीधरांस हा मार्ग पुन्हा खुला झाला. त्यांना नेप्लेक्सपूर्वी परदेशी पदवीधरांची समकक्षता परीक्षा व इंग्रजीची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते.

या उमेदवारांच्या अपयशात ज्ञानाच्या अभावाइतकाच परिभाषेच्या फरकाचाही वाटा असू शकतो. आपल्याकडील पॅरासिटामॉल तेथे अ‍ॅसिटामिनोफेन असते, सालब्युटामॉल हे अल्ब्युटेरॉल, ग्लिबेन्क्लामाइड हे ग्लायब्युराइड, रिफॅम्पिसिन हे रिफॅम्पिन, पेथिडीन हे मेपेरिडीन आणि अ‍ॅड्रिनॅलिन हे एपिनेफ्रिन. वजन पौंडांत दिलेले असल्यास २.२ ने भागून किलोग्रॅम करावे लागतात. ९६ सेकंदांच्या अवधीत मनातल्या मनात नावाचे भाषांतर करीत बसणे परवडणारे नसते. अशा उमेदवाराने आरंभीच ही नावे व व्यापारी नावे यांची सूची करून ती पाठ करावी.

८. कालनियोजन

वरील विवेचनाच्या आधारे सुमारे बारा आठवड्यांची योजना सुचविता येईल. पहिले दोन आठवडे केवळ निदानासाठी ठेवावेत : अहवालाचे वाचन, नव्या आराखड्याशी पडताळणी, एक पूर्ण सराव परीक्षा आणि चुकांचे वर्गीकरण. पुढील सहा आठवडे क्षेत्रनिहाय अभ्यासाचे असावेत. त्यात ४० टक्के भार असलेल्या उपचारनियोजनास सर्वाधिक वेळ द्यावा आणि गणन मात्र दररोज करावे. त्यानंतरचे तीन आठवडे वेळ लावून, मागे न वळता, मिश्र प्रश्न सोडविण्यासाठी असावेत. त्यांत किमान दोनदा सलग सहा तास बसण्याचा सराव व्हावा. शेवटचा आठवडा हलक्या उजळणीचा व नियमित झोपेचा असावा. नोकरी करीत अभ्यास करणाऱ्याने हा काळ वाढवावा. तारीख आधी ठरवून अभ्यास तीत कोंबण्यापेक्षा सराव परीक्षांतील प्रगती पाहून तारीख घेणे हितावह ठरते.

एका मोहापासून मात्र दूर राहावे. पूर्वीच्या परीक्षार्थींनी आठवून सांगितलेले ‘खरे’ प्रश्न मिळविणे वा पुरविणे हा परीक्षेच्या अटींचा भंग आहे. २००७ मध्ये जॉर्जिया राज्यातील एका उजळणीवर्गात असे प्रश्न वापरले गेल्याच्या आरोपावरून ही परीक्षा काही काळ स्थगित ठेवण्यात आली होती आणि त्याचा भुर्दंड निरपराध उमेदवारांनाही सोसावा लागला.

९. अध्यापकांची भूमिका

हा विषय केवळ परदेशी जाणाऱ्यांपुरता नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०२२ मध्ये पदविकाधारकांसाठी निर्गमन परीक्षेचे विनियम अधिसूचित केले. त्यांत तीन प्रश्नपत्रिका आणि प्रत्येकीत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुणांची अट आहे. पदवी वा पदविका हातात असूनही नोंदणीसाठी परीक्षा द्यावी लागण्याची कल्पना आपल्याकडेही आली आहे. अशा परीक्षेत अनुत्तीर्ण होणारा विद्यार्थी त्या वेळी कोणत्याही महाविद्यालयाच्या पटावर नसतो. त्याची चौकशी करण्याची जबाबदारी औपचारिकरीत्या कोणाचीच नसते.

प्रस्तुत लेखकाच्या मते येथे अध्यापकांस तीन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. एक, माजी विद्यार्थ्यास ‘किती गुण कमी पडले?’ असे न विचारता ‘चुका कोणत्या प्रकारच्या झाल्या?’ असे विचारून निदानास साहाय्य करणे. दोन, वर्गात प्रत्येक तासाच्या आरंभी मागील तासावरील तीन-चार प्रश्न विनागुण विचारून स्मरणसरावाची सवय लावणे. तीन, गणनाचे पाठ एका सत्रात संपवून न टाकता प्रत्येक विषयाच्या अध्यापनात ते मिसळणे. यांपैकी कशासही निधी वा विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

१०. समारोप

परवाना परीक्षेचा हेतू उमेदवारास अडविणे हा नसून रुग्णास सुरक्षित ठेवणे हा आहे. या दृष्टीने पाहता अनुत्तीर्णतेचा अहवाल म्हणजे एखाद्या तपासणीचा निष्कर्षच होय. तो पाहून खचणे वा त्याकडे दुर्लक्ष करणे या दोन्ही गोष्टी सारख्याच निरुपयोगी आहेत. निदान, स्मरणसराव, मिश्र गणन आणि प्रयत्नांच्या मर्यादेचे भान ठेवून केलेले कालनियोजन या चार आधारांवर केलेली पुनर्तयारी ही पहिल्या तयारीची आवृत्ती न राहता निराळी तयारी ठरते. ज्या कौशल्यांनी उमेदवार ही परीक्षा पार करतो, त्याच कौशल्यांच्या बळावर त्याने पुढे औषधाची चिठ्ठी हाती घेऊन मात्रा पडताळावयाची असते, हे त्याच्या अध्यापकांनीही लक्षात ठेवावयास हवे.